गाईला शेळीची लस

(मंगळवेढा येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा लिखित पाठ)

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी चर्मरोगाच्या बातम्या येऊ लागल्या आणि सप्टेंबरमध्ये सरकारने सगळे राज्यच नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. जनावरांचे बाजार बंद पडले, शर्यती आणि प्रदर्शने थांबली, गाय-बैलांची ने-आण अडली. खिल्लार जनावर ज्या मुलखात जन्मते आणि वाढते, त्या माणदेशाला आणि मंगळवेढा-सांगोल्याच्या पट्ट्याला हे सांगायला नको. अंगभर गाठी, ताप, सुजलेले पाय, आटलेले दूध. गोठ्यात आलेल्या पशुवैद्यकाच्या हातात त्या वेळी जी कुपी होती, ती मात्र गाईच्या रोगाची नव्हती. शेळ्यांच्या देवीवरची लस राज्यभर गाई-बैलांना टोचली गेली. राज्यात गोवंशाची संख्या एक कोटी चाळीस लाखांच्या घरात, त्यामुळे मोहीम केवढी झाली असेल याचा अंदाज येतो.

गाईला शेळीची लस का, असा प्रश्न कुणाही शेतकऱ्याला पडावा. तो अडाणीपणाचा नाही. रोगप्रतिकाराच्या शास्त्रात शिरायला याहून चांगला प्रश्न सापडणे कठीण.

उत्तर असे. लम्पीचा विषाणू, मेंढ्यांच्या देवीचा आणि शेळ्यांच्या देवीचा विषाणू हे तिघे एकाच कुळातले. त्यांच्या बाहेरच्या आवरणावरची प्रथिने इतकी सारखी की एकाशी गाठ पडलेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते. शरीर रोगाचे नाव वाचत नाही. त्याला दिसतो तो रेणूंचा आकार. आकार जुळला की काम सुरू. गाईसाठी खास तयार केलेली लस हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने त्याच वर्षी १० ऑगस्टला जाहीर केली आणि तिच्या उत्पादनासाठी पुण्याच्या सरकारी पशुवैद्यकीय लसनिर्मिती संस्थेशी डिसेंबरमध्ये करार झाला. तोवर काम शेळीच्या लसीवरच निभावले.

ही युक्ती जुनी आहे. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने गाईच्या देवीची लस आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचली आणि काही आठवड्यांनी माणसाच्या देवीचा द्रव टोचूनही मुलगा आजारी पडला नाही. आजच्या कुठल्याही नैतिक समितीने हा प्रयोग पहिल्या ओळीतच फेटाळला असता. सहा वर्षांत ती लस मुंबईत पोहोचली. बर्फ नाही, फ्रीज नाही. व्हिएन्ना, बगदाद, बसरा असा प्रवास आणि वाटेत एका दंडावरच्या फोडातून दुसऱ्या दंडावर. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. हिंदुस्थानात यशस्वी लसीकरण झालेली पहिली व्यक्ती म्हणजे ही मुलगी, आणि तिच्या दंडावरचा द्रव पुढे पुण्यासह अनेक शहरांना गेला. तिचे पुढे काय झाले हे इतिहासाने नीट विचारलेलेही नाही, ही खंत नोंदवून पुढे जावे लागते.

सभागृहात पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या दंडावर देवी काढल्याचा गोल वण असेल, पंचविशीतल्या कुणाच्याही नसेल. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले आणि लस बंद झाली. पण तो वण अजून निकामी झालेला नाही. २०२२ मध्येच एमपॉक्स जगभर पसरला, जुलैमध्ये भारतात केरळात पहिला रुग्ण सापडला. हा विषाणू देवीच्या विषाणूचा भाऊबंद. आफ्रिकेतल्या जुन्या पाहणीत, देवीची लस घेतलेल्यांना त्यापासून सुमारे ८५ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले होते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी टोचलेल्या गाईकडच्या विषाणूची आठवण, माणसाच्या देवीसाठी घेतलेली, आणि ती उपयोगी पडते तिसऱ्याच रोगात.

ही आठवण शरीरात राहते तरी कुठे? त्यासाठी काट्यापासून सुरुवात करू.

रानात बाभळीचा काटा टाचेत मोडतो. त्वचा शाबूत असेपर्यंत आत शिरायला बहुतेक जंतूंना वाट नसते. डोळ्यांतल्या पाण्यातही जंतूंच्या भिंती विरघळवणारे लायसोझाइम असते, जठरातल्या आम्लात बरेच जंतू मरतात, श्वासनलिकेतला चिकट स्राव उरलेल्यांना धरून वर ढकलतो. या सगळ्याला बगल देऊन काटा थेट आतल्या मांसात जंतू नेऊन ठेवतो. काही तासांत जागा लाल होते, तापते, ठणकते. रक्तवाहिन्या सैल होऊन त्यांतून पांढऱ्या पेशी बाहेर झिरपत असतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल जातीच्या पेशी अस्थिमज्जेत रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात आणि बहुतेक फार दिवस जगत नाहीत. जंतू गिळायचा, पचवायचा आणि मरायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काट्याभोवती जो पू धरतो, तो मुख्यतः त्यांच्याच मृत देहांचा असतो.

पेशी जंतूंना गिळतात हे प्रथम ओळखले इल्या मेच्निकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी समुद्रताऱ्याच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात त्याने गुलाबाचे काटे टोचून ठेवले आणि सकाळी पाहिले तर काट्याभोवती पेशींची गर्दी. तेव्हाचे बडे शास्त्रज्ञ त्याला हसले. १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले तेव्हा ते त्याला पाउल एर्लिक यांच्यासोबत वाटून घ्यावे लागले आणि एर्लिक हे पेशींपेक्षा रक्तरसातल्या द्रव्यांना मान देणाऱ्या पक्षाचे. दोघांचेही खरे होते, हे पुढे कळले.

टाचेत काटा असताना जांघेत गाठ येते. अवधान आले, असे आपल्याकडे म्हणतात. टाच कुठे, जांघ कुठे! पण शरीराला शिकवणारी जागा तीच. जखमेपाशी वावरणाऱ्या काही पेशी जंतूचे तुकडे पाठीवर घेऊन लसिकावाहिन्यांतून वर जातात आणि जांघेतल्या लसिका ग्रंथीत ते तुकडे दाखवत फिरतात. तिथे लाखो टी-पेशी आणि बी-पेशी येत-जात असतात. प्रत्येक बी-पेशीच्या अंगावर एका विशिष्ट आकाराचाच ग्राहक, म्हणजे तुकडा पकडणारे प्रथिन, असतो. बहुसंख्य पेशींना तो तुकडा जुळत नाही आणि त्या पुढे निघून जातात. एखादीला जुळतो. मग ती पेशी दुभंगू लागते; एकीच्या दोन, दोनांच्या चार, दिवसागणिक हजारो. ग्रंथी त्या गर्दीने फुगते, दुखते. अवधान म्हणजे रोग नव्हे, वर्ग भरल्याची खूण.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्यासारखी आहे, कारण ती सहजासहजी पटत नाही. जंतू अंगात येण्याआधीच त्याला जुळणारी पेशी तिथे हजर होती. जगात कधीही न आलेल्या, उद्या एखाद्या वटवाघळातून येणाऱ्या विषाणूला जुळणारी पेशीसुद्धा बहुधा आजच आपल्या अंगात फिरत असते. हे कसे शक्य आहे? मानवी पेशीत जनुके वीस हजारांच्या आसपास, आणि ग्राहकांचे आकार तर अब्जावधी. याचा उलगडा जपानी शास्त्रज्ञ सुसुमू तोनेगावा यांनी १९७६ मध्ये केला आणि १९८७ चे नोबेल मिळवले. बी-पेशी घडत असताना आपल्याच जनुकाचे तुकडे कापते, त्यांतले काही टाकते, उरलेले यादृच्छिक जुळवते आणि सांध्यावर चारदोन अक्षरे मनाने भरते. शरीरातल्या इतर पेशी आपल्या डीएनएला जिवापाड जपतात. या पेशी मात्र मुद्दाम त्याच्याशी खेळतात. शरीराला उद्याचा शत्रू ठाऊक नाही, म्हणून ते सगळेच आकार करून ठेवते आणि वाट पाहते.

जुळलेली पेशी वाढते तेव्हा तिच्या लेकींत आणखी बारीक फरक पडतात. कुणाचा ग्राहक जंतूला अधिक घट्ट धरतो, कुणाचा सैल. घट्ट धरणारीला जगण्याचा संकेत मिळतो, सैल धरणारी मरते. मंगळवेढ्याच्या शिवारात हे समजावून सांगायला फार खटपट नको. काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीचे उभे पीक पाहून भरदार कणसे बियाण्याला बाजूला काढायची आणि पुढच्या हंगामात तीच पेरायची, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. मोहोळच्या केंद्राने त्याच मालदांडीतून निवडून एम ३५-१ हे वाण दिले आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जांघेतल्या गाठीत हीच निवड चालते, फक्त हंगाम काही तासांचा असतो. आठ-दहा दिवसांनी रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे या ग्राहकांच्याच सुट्या प्रती, उतरू लागतात आणि पुढे ती सुरुवातीच्यापेक्षा कितीतरी नेमकी होत जातात.

म्हणूनच कोणत्याही नव्या तापात पहिला आठवडा वाईट जातो.

रोग ओसरल्यावर त्या पेशींतल्या बहुतेक मरतात. थोड्या उरतात, काही ग्रंथींत, काही अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षे प्रतिपिंडे पाझरत बसतात. किती वर्षे? याचे सर्वात सुंदर उत्तर एका डॅनिश तरुण डॉक्टरने दिले. १८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवर आला. सुमारे ७८०० वस्तीत सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. पेटर पानुम गावोगाव फिरला तेव्हा त्याच्या लक्षात आले की काही म्हातारी माणसे ठणठणीत आहेत. ही ती माणसे, जी १७८१ च्या साथीत लहानपणी गोवरातून उठली होती. मधली ६५ वर्षे बेटांवर गोवर नव्हता. त्या एका भेटीची आठवण ६५ वर्षे टिकली.

सगळ्याच आठवणी अशा टिकत नाहीत आणि त्याचे कारण शरीर विसराळू असणे हे नाही. लाळ्या-खुरकूताची लस गुरांना दर सहा महिन्यांनी का टोचावी लागते? त्या विषाणूचे सात प्रकार आहेत. एकाची ओळख दुसऱ्याला चालत नाही, म्हणून आपल्याकडच्या लसीत तीन प्रकार एकत्र घातलेले असतात, आणि मेलेल्या विषाणूने जागी केलेली आठवण तशीही लवकर फिकी पडते. बुळकांडीचे उलटे होते. एकाच प्रकारचा विषाणू, एकदा टोचले की जवळजवळ जन्मभराची हमी. म्हणून ज्या रोगाने एकेकाळी गावेच्या गावे बैलांविना केली, तो २०११ मध्ये पृथ्वीवरून गेला. देवीनंतर माणसाने नाहीसा केलेला हा दुसरा रोग, आणि तरुण शेतकऱ्यांना आता त्याचे नावही माहीत नसते. याहून मोठे यश कुठले?

धनुर्वाताचा मामला आणखी विचित्र. धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही पुन्हा धनुर्वात होऊ शकतो, कारण त्या जंतूचे विष इतके जहाल की जीव घेण्यापुरती मात्रा शरीराला शिकण्यापुरती पडत नाही. बरा झालेल्या रुग्णालाही लस टोचावीच लागते. आणि नारूशी तर शरीर हरलेच. पायऱ्यांच्या विहिरीचे पाणी पिऊन ज्याला यंदा नारू झाला त्याला पुढच्या वर्षी पुन्हा व्हायचा. हातभर लांब कृमी अंगात वर्षभर वाढतो आणि शरीर त्याची दखल जवळजवळ घेत नाही. नारू हटला तो पाणी फडक्याने गाळून आणि पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा बंदिस्त करून. १९९६ नंतर भारतात नवा रुग्ण नाही, २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. तिथे लस नव्हती, औषध नव्हते.

आता उसन्या आठवणीकडे. गाय व्याली की पहिले दोन-तीन दिवस चीक येतो. खरवस सगळ्यांना प्रिय, पण वासराच्या वाट्याचा चीक त्याला पहिल्या काही तासांत मिळालाच पाहिजे. गाईच्या गर्भवेष्टनातून प्रतिपिंडे वासराकडे जात नाहीत. ते अक्षरशः कोरे जन्मते. चिकातली प्रतिपिंडे त्याच्या आतड्यातून रक्तात शिरतात आणि साधारण दिवसभरात ही वाट बंद होते. माणसाचे तसे नाही. आईच्या रक्तातली प्रतिपिंडे गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत नाळेतून बाळाकडे जातात आणि चिकातून मिळणारी वेगळ्या जातीची प्रतिपिंडे त्याच्या घशाला, आतड्याला अस्तर देतात. तरीही कित्येक घरांत पहिला पिवळसर चीक ‘खराब दूध’ म्हणून पिळून टाकायची आणि बाळाला मधाचे बोट चाटवायची चाल होती. गाईच्या बाबतीत ज्या आजीला चिकाची किंमत ठाऊक, तिनेच सुनेचा चीक टाकायला लावावा, हे कोडे समाजशास्त्रज्ञांसाठी सोडून देऊ.

आईकडून आलेली ही पुंजी सहा ते नऊ महिन्यांत आटते. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर देतात ती याचमुळे. त्याआधी दिली तर आईची प्रतिपिंडेच लसीतल्या जिवंत विषाणूला निकामी करतात आणि बाळ काहीच शिकत नाही. फार उशीर केला तर मधल्या फटीत रोग गाठतो. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, राज्यभर गाई-बैलांना लस टोचणे चालू असतानाच, मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांत ही फट उघडी पडली. करोनाच्या दोन वर्षांत बऱ्याच मुलांच्या लसी राहून गेल्या होत्या. गोवर पसरला, मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण सापडले, बालमृत्यू झाले. नऊ महिन्यांखालची बाळेही आजारी पडू लागल्याने सहाव्या महिन्यापासून एक जादा मात्रा देण्याची मुभा द्यावी लागली.

गोवराला ‘पुरळ येऊन जाणारा आजार’ समजणाऱ्यांनी एक गोष्ट ऐकावी. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मुलांच्या रक्तातली प्रतिपिंडे गोवराच्या आधी आणि नंतर मोजली. गोवर येऊन गेल्यावर इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झालेली होती. गोवराचा विषाणू ज्या पेशींत घुसतो, त्यांत आठवण जपणाऱ्या पेशीच असतात. मूल पुरळातून उठते, पण आधी शिकलेले बरेच पुसून. मग पुढच्या महिन्यांत ते न्यूमोनियाने किंवा हगवणीने आजारी पडते आणि दोष दुसऱ्याच कशाला तरी दिला जातो.

उसन्या प्रतिपिंडांचा दुसरा मोठा पुरवठादार घोडा. १८९० मध्ये बर्लिनला एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्याला वाचवतो. सर्पविषावरही तीच वाट निघाली. रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला घोणस चावतो, जमिनीवर झोपलेल्याला मण्यार. त्याला सरकारी दवाखान्यात जे प्रतिविष मिळते ते घोड्याच्या रक्तातले असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष अगदी थोड्या मात्रेने वाढवत घोड्याला टोचतात, त्याचे रक्त घेऊन प्रतिपिंडे वेगळी करतात. प्लेगच्या लसीसाठी वाल्देमार हाफकिन यांनी उभारलेली प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या राजभवनात आली, १९२५ पासून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते, आणि प्रतिविषाचे तिचे काम महाराष्ट्राला परिचित आहे. पुण्याच्या पूनावालांच्या अश्वपालन केंद्रातले निवृत्त घोडे रक्तरसासाठी हाफकिनला जात असत. घोडे आपले, रस त्यांचा, मग आपणच का नको, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिची सुरुवात धनुर्वाताच्या प्रतिविषाने झाली.

उसने ते उसनेच. घोड्याची प्रतिपिंडे काही आठवड्यांत नाहीशी होतात. एकदा प्रतिविष घेतलेल्याला पुढच्या सर्पदंशात काहीही संरक्षण नसते. पुन्हा तसेच धावावे लागते. वर आणखी गंमत अशी की माणसाचे शरीर घोड्याच्या प्रथिनालाच परके ठरवते. काहींना सलाइन चालू असतानाच अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो. म्हणून डॉक्टर अॅड्रिनलिन भरून हाताशी ठेवतात. जीव वाचवायला आलेले औषध आणि जीव वाचवणारी व्यवस्था, दोघे एकमेकांवरच उठतात.

म्हणजे ओळखण्याइतकेच थांबणेही महत्त्वाचे. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. तिचे काम १९६१ पर्यंत कुणाला ठाऊक नव्हते. जॅक मिलर यांनी ते शोधले. टी-पेशी तिथे तपासल्या जातात आणि ज्या स्वतःच्याच शरीराला जोरात चिकटतात किंवा कशालाच चिकटत नाहीत, त्या तिथेच संपतात. शेकडा पंच्याण्णवाहून अधिक पेशी या चाचणीत मरतात. इतकी काटेकोर चाळणी असूनही काही निसटतात. मग कुणाची बोटांची पेरे सुजतात, कुणा लहान मुलाच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट होऊन त्याला जन्मभर सुया टोचून घ्याव्या लागतात. आपले आणि परके यांची रेघ किती बारीक असते याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची नोंद केली. या लोकांच्या तांबड्या पेशींवर एच नावाची साखरेची लहानशी साखळी नसते, जी ओ गटाच्या माणसालाही असते. त्यामुळे सर्वांना चालणारे ओ रक्तही त्यांच्या शरीराला परके वाटते आणि ते दिले तर पेशी फुटतात. जग या गटाला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणते.

थांबण्याचा धडा करोनाने कडक शिकवला. पहिल्या आठवड्यानंतर अनेक रुग्णांत विषाणूपेक्षा शरीराचा स्वतःचाच दाह फुप्फुसे खात होता. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवले की डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू एक तृतीयांशाने कमी करते. त्याच चाचणीने हेही दाखवले होते की ज्यांना ऑक्सिजनची गरज नाही त्यांना त्याचा काही फायदा नाही. हे दुसरे वाक्य घाईत वाचायचे राहून गेले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत स्टेरॉइड सरसकट दिले गेले, मधुमेह असलेल्यांची साखर चढली, पांढऱ्या पेशी मंदावल्या आणि एरवी हवेत-मातीत असूनही निरुपद्रवी राहणारी बुरशी नाकातून डोळ्यांपर्यंत चढली. महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे हजारो रुग्ण झाले. कित्येकांचा एक डोळा गेला.

आणि त्याच काळात औषधाच्या दुकानांत, किराणा दुकानांत, मोबाइलवर ‘इम्युनिटी वाढवा’च्या पुड्या विकल्या जात होत्या. वाढवायची म्हणजे नेमके काय वाढवायचे? दाह वाढवायचा? प्रतिपिंडे? कुठल्या जंतूविरुद्धची? ज्या व्यवस्थेतल्या शेकडा पंच्याण्णव पेशी शिस्तीसाठी मारल्या जातात, तिला नुसता जोर आणणारे चूर्ण खरोखर असते तर ते विषाच्या कपाटात ठेवावे लागले असते. बहुतेक पुड्यांनी काहीच होत नाही, हे ग्राहकांचे नशीब. शरीराला ओळख शिकवण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे आणि तो लसीचा.

मात्र शिकायला आणि लढायला पेशी लागतात, पेशी घडायला प्रथिने लागतात, आणि इथे मंगळवेढ्याला बाहेरून कुणी शिकवावे असे काही नाही. दुर्गादेवीच्या दुष्काळात बेदरच्या बादशहाचे कोठार दामाजीपंतांनी उपाशी लोकांसाठी खुले केले, ही कथा याच गावची. उपासमार आणि रोग हातात हात घालून येतात हे दुष्काळ पाहिलेल्या सगळ्यांना माहीत होते. ते आकड्यांत मोजणे मात्र सोपे नव्हते.

क्षयरोगाने ते मोजायला लावले. क्षयाचा जंतू अंगात शिरला म्हणजे क्षय झाला असे नव्हे. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश लोकांत तो शिरलेला असावा असा अंदाज आहे. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती कडे करून बसतात, मारू शकत नाहीत पण हलूही देत नाहीत. अशांपैकी साधारण पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. मधुमेह, एचआयव्ही, दारू यांनी ते कडे सुटते, आणि सर्वात जास्त वेळा उपाशीपोटी सुटते. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि सहकाऱ्यांनी झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ दरम्यान ‘राशन्स’ चाचणी केली. क्षयरुग्णांच्या घरांतल्या दहा हजारांहून अधिक माणसांपैकी एका गटाला दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्या गटात अन्न फक्त रुग्णाला दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले: ज्या घरांत सर्वांना अन्न मिळाले तिथे नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी, आणि फुप्फुसाचा संसर्गजन्य क्षय ४८ टक्क्यांनी कमी. रुग्णांमध्येही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. एखाद्या लसीने असे आकडे दाखवले असते तर पहिल्या पानावर बातमी झाली असती. डाळ-तांदळाची झाली नाही.

निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. त्याच सुमारास ‘निक्षय मित्र’ म्हणून नोंदलेल्या देणगीदारांकडून मिळणारा शिधा रुग्णाच्या घरच्यांपर्यंतही वाढवण्याचा निर्णय झाला. हा शिधा देणगीदारांवर अवलंबून आहे. तालुक्यातली साखर कारखान्यांची, बँकांची, पतसंस्थांची आणि गणेश मंडळांची यादी पाहता मंगळवेढ्याला निक्षय मित्र मिळायला अडचण पडू नये. नोंदणी निक्षयच्या संकेतस्थळावर होते आणि रुग्णांची माहिती तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते.